बाजारातल्यासारखी चप्पल

नवी चप्पल चावली की माणूस दुकानदाराला चार शिव्या हासडतो. माझ्या गिऱ्हाइकांनी एकतीस वर्षांत एकदाही तशी तक्रार केली नाही, आणि त्याचीच मला नोकरीभर धास्ती वाटत राहिली. त्यांच्या पायांना चावलेलं कळतच नव्हतं.

कागदावर माझं पद होतं ‘पादत्राण तंत्रज्ञ’. गोंदियात रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमचा लहानसा दवाखाना, आणि त्याच्या मागच्या खोलीत मी कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांसाठी चपला बनवायचो. कोणी विचारलं तर बायको ‘ते दवाखान्यात आहेत’ एवढंच सांगायची. माझ्या वडिलांना तेवढंही सांगवत नसे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं, आणि आता नातू चांभाराची रापी-आरी घेऊन बसला होता. “तुया आजानं कातडं सोडलं अन् तू कायले धरून राहिला?” असं ते दर सणाला विचारायचे. “बाबा, हे कातडं नाही, रबर आहे,” असं मी दर सणाला सांगायचो. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

या रोगाबद्दल लोकांना एवढं तरी ठाऊक असावं म्हणून सांगतो. गोळ्या नेमाने घेतल्या की जंतू मरतो, आणि मग त्या माणसापासून कोणाला काही होत नाही. पण आधीच मेलेल्या नसा परत जिवंत होत नाहीत. पायाला काटा, चटका, खडा, काहीच कळत नाही. आमचा एक पेशंट आमगावहून भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आला. उतरला तेव्हा एका पायाची चप्पल सायलेन्सरला चिकटून वितळली होती आणि घोट्याखालची कातडी गेली होती. मी ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, “वास येऊन राहिला होता जी. मले वाटलं गाडीचं क्लच जळून राहिलं.” आम्ही दोघेही हसलो, आणि मग मी मागच्या खोलीत जाऊन त्याची नवी चप्पल कापायला घेतली.

अशा पायाला दुखणं कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने चप्पल बनवणाऱ्यालाच भ्यावं लागतं. आत घालायचं रबर अंगठ्याने दाबलं तर दबलं पाहिजे आणि सोडल्यावर वर आलं पाहिजे. खालचा तळवा मात्र असा कडक हवा की बाभळीचा काटा आरपार येऊ नये. अंगठ्याजवळचा पट्टा चालत नाही, कारण बोटांच्या बेचक्यात जखम होते. मागून पट्टा हवाच, नाहीतर चप्पल पायातून कधी निसटली हेही त्या माणसाला कळत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खिळा नाही. सगळं शिलाईवर आणि चिकटवण्यावर. आमच्या खोलीत हातोडी होती, पण खिळ्यांचा डबा नव्हता.

चप्पल उत्तम होती, पण दिसायला एकसारखी होती. काळी, रुंद, वर दोन जाड पट्टे. सगळ्या जिल्ह्यात तिला ‘दवाखान्याची चप्पल’ म्हणायचे. एक म्हातारे शेतकरी दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचे तेव्हा त्यांच्या चपलेचा तळ आरशासारखा स्वच्छ असायचा आणि पाय मात्र भेगाळलेला. पेटीत गुंडाळून ठेवायचे आणि फक्त दवाखान्यात येताना घालायचे. मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. ते म्हणाले, “घालून फिरलो त सारं गाव आधी पायाकडे पाहाते, मग तोंडाकडे.” मी रागीट माणूस. त्या दिवशी मला ते कारण कारणच वाटलं नाही. आज त्यांची माफी मागायला ते नाहीत.

हे कारण माझ्या डोक्यात शिरलं ते देवकाबाईमुळे. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात ती शाळेचा पोषण आहार शिजवायची. रोग कधीचाच बरा झालेला. डावा तळवा बधिर होता, एवढंच उरलं होतं, आणि ते घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी काळी जोडी तिच्यापुढे ठेवली, तर तिने हात लावला नाही.

“भाऊ, सैपाकखोलीच्या दाराशी चपला काढा लागते. पोरं तिथंच रांगेत बसतेत. त्यायच्या माया येतेत, गुरुजी येतेत. ही चप्पल पाहून एकीनं जरी ओळखलं, त मग मी रांधलेलं कोन खाईन?”

“मग काय अनवाणी राहाल? पाय जाईल बाई.”

“पाय झाकता येते भाऊ. काम गेलं त काय झाकू?”

मी काळी जोडी उचलून फळीवर ठेवली आणि तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

त्याच सुमारास डिझाइनचं कॉलेज शिकलेल्या निकिता मॅडम वर्षभरासाठी आमच्याकडे आल्या. सोबत एक काचेची पाटी आणि लॅपटॉप. त्या पाटीवर उभं राहिलं की पडद्यावर तळवा उमटायचा, जिथे भार जास्त तिथे लाल, जिथे कमी तिथे निळा. मी सारा जन्म शाईच्या पॅडवर पाय उमटवून माप घेतलेला माणूस. मला तो पोरखेळ वाटला आणि मी तसं बोललोही. मग त्यांनी देवकाबाईला पाटीवर उभं केलं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी लालभडक ठिपका आला. माझ्या शाईच्या कागदावर तिथे नुसतं फिकट काळं होतं आणि त्यावर मी ‘ठीक’ असं लिहिलेलं होतं. मी तो कागद खिशात घातला आणि त्यानंतर मशीनबद्दल वाकडं बोललो नाही.

चप्पल कशी दिसावी हे मात्र मशीन सांगत नव्हतं. मॅडम मला तिरोड्याच्या बाजारात घेऊन गेल्या. दोन तास आम्ही चहाच्या टपरीवर बसून बायांचे फक्त पाय पाहिले. कोणी हटकलं असतं तर मार खाल्ला असता. परत आल्यावर त्यांनी चित्र काढलं आणि मी बनवायला घेतली. मरून रंग, पट्ट्यावर फूल, सोनेरी बक्कल. बक्कल खोटं, त्याच्याखाली खरा चिकटणारा बंद. आत तेच मऊ रबर, आणि लाल ठिपका होता तिथे हलकासा खोलगटपणा. सैपाकखोलीत घालायला धुता येणारी साधी दुसरी जोडी. बाहेरची जोडी आम्ही दवाखान्याच्या दाराशी इतर चपलांच्या ढिगात टाकली आणि नर्सबाईंना ओळखायला सांगितलं. त्यांनी चार वेगळ्याच चपला उचलल्या. मी टाळ्या वाजवल्या.

देवकाबाईने पायात घातली आणि आमच्या अंगणात तीन चकरा मारल्या. “शेजारनीनं इचारलं त काय सांगू?” म्हणाली. मी म्हटलं, “तिरोड्याहून आणली म्हणा.” ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग तशा खूप जोड्या झाल्या. पुरुषांसाठी तपकिरी, साध्या. पेटीत गुंडाळून ठेवणं थांबलं, चपलांचे तळ मळून येऊ लागले, जखमा कमी झाल्या. माझी कॉलर ताठ झाली. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, आणि जाता जाता आपण काहीतरी करून जातोय असं मला वाटायला लागलं होतं.

एका दुपारी देवकाबाई आली. लंगडत नव्हती. अशा पायाचा माणूस लंगडत नाही, हेच तर भय. म्हणाली, “सैपाकखोलीच्या दाराशी लाल डाग दिसून राहिले होते. मी समजली टमाटर सांडलं. मग एक दिवस टमाटर नव्हतं, तरी बी दिसलं.”

मी चप्पल हातात घेतली आणि आतून बोट फिरवलं. बोटाला टोचलं. अंगठ्याच्या बुडाशी, आम्ही मुद्दाम खोलगट ठेवलेल्या जागी, तीन बारीक खिळ्यांची टोकं वर आली होती. पट्टा सुटला म्हणून तिने बाजारातल्या मोच्याकडून ठोकून घेतला होता. त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस ती त्या तीन खिळ्यांवर चालली होती, पाणी आणत होती, शाळेत जात होती.

आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात. त्यांनी जखमेत सळई घातली आणि ती कशाला तरी टेकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हाडाला लागलं होतं. एक्स-रे, मग नागपूरला पाठवायचं की इथेच, अंगठा जाईल की अर्धा पाय, यातलं काहीच नक्की सांगता येत नव्हतं. मी ओसरीत बसून राहिलो. बिरसीच्या विमानशाळेतलं एक शिकाऊ विमान वर घिरट्या घालत होतं. आत देवकाबाई डॉक्टर मॅडमना पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, पट्टी किती मोठी बांधाल, दिसेल काय, शाळेत काय सांगू. तिला पायाची भीती नव्हती. पायाची सगळी भीती मला होती, कारण ती चप्पल मी बनवली होती.

आणि तेवढ्यात दुसरी भीती येऊन उभी राहिली. तशा कितीतरी जोड्या मी जिल्ह्यात पाठवल्या होत्या. पट्टा कोणाचाही सुटू शकतो. मी रजिस्टर उघडून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कोणाचा फोन बंद, कोणाचा नातवाकडे, कोणी म्हणे चप्पल मस्त आहे, कायले घाबरून राहिले जी. ‘मस्त आहे’ ऐकलं की मी त्या नावापुढे लाल फुली मारायचो. मस्त आहे हे सांगणार कोण, तर ज्याच्या पायाला काही कळत नाही तो.

बाजाराच्या दिवशी मी तिरोड्याला गेलो तो मोच्याशी भांडायला. कडुलिंबाखाली मोहनलाल बसला होता, पन्नाशीचा, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. मी ती चप्पल त्याच्यापुढे आपटली. “ये खीला तुमने ठोका?”

त्याने चप्पल उलटून पाहिली. “हाँ, ठोका. पट्टा निकल गया था. क्यों, फिर निकल गया क्या?”

“खीला पाँव में घुस गया! हड्डी तक!”

त्याने खिळ्याच्या टोकावर बोट फिरवलं. मग म्हणाला, “तो बाई ने बोला क्यों नहीं? लगता तो बोलती ना.”

“उसको लगता नहीं. पाँव सुन्न है. ये दवाखाने की चप्पल है.”

मोहनलालने चष्मा वर करून मला नीट पाहिलं. “हमको क्या मालूम भैया? दवाखाने की चप्पल हम पहचानते हैं, काली वाली. उसमें हम कभी खीला नहीं मारते, सिर्फ धागा. तुम्हारे पहले वाले साहब ने बोल के रखा था. ये तो एकदम बाजार की दिखती है.”

एकदम बाजार की दिखती है. हेच ऐकायला मी आणि निकिता मॅडम सहा महिने खपलो होतो. माझ्या कामाची याहून मोठी तारीफ कोणी केली नव्हती, आणि ती ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या काळ्या कुरूप चपलेला सगळे नावं ठेवायचे, पण तिने मोच्याला गुपचूप सावध केलं होतं. ते मला एकतीस वर्षांत कधी कळलंही नव्हतं.

मी जायला उठलो तेव्हा त्याने हाक मारली. “भैया, ऐसी और एक आई थी. भूरी वाली. पिछले हफ्ते.”

“किसकी?”

“नाम कौन पूछता है?”

ते चार दिवस मी कसे काढले ते माझी बायको जाणे. तपकिरी जोड्या नेलेल्या प्रत्येक माणसाच्या गावी मी आणि निकिता मॅडम गेलो. काही जण धानाच्या बांधीत होते, रोवणी चालू होती, त्यांना चिखलातून बाहेर बोलावून मी त्यांच्या चपला उलट्या करायचो. लोकांना वाटलं मला वेड लागलं. चौथ्या दिवशी ती जोडी सापडली. खिळा वाकडा जाऊन पट्ट्यातच अडकला होता, पाय शाबूत होता. त्या गृहस्थांनी मला आग्रहाने चहा पाजला. चहा निवेपर्यंत मी तो खिळा उपटून काढला.

परतताना निकिता मॅडम गाडीत रडल्या. म्हणाल्या, “काका, घालणाऱ्याचा विचार केला, बघणाऱ्यांचा केला. दुरुस्त करणाऱ्याचा केलाच नाही.” मी त्यांना समजावलं नाही. मलाच कोणी समजवावं असं वाटत होतं.

त्यांच्या मनात चपलेला असा काही ठसा लावायचा होता की मोबाइल धरला की माहिती दिसेल. मी म्हटलं, मोहनलालचा मोबाइल त्याच्या घरी असतो. मोची चप्पल हातात घेतो आणि आधी उलटी करून टाचेची शिलाई पाहतो, ही आमच्या धंद्याची सवय. म्हणून मी टाचेखाली हिरव्या धाग्याचे चार टाके घालायला लागलो. वरून कोणाला दिसणार नाहीत, मोच्याला दिसल्याशिवाय राहणार नाहीत. मग तिरोडा, आमगाव, जिथे जिथे बाजार भरतो तिथल्या मोच्यांजवळ मी बसलो. हिरवा धागा दिसला की खिळा नाही, शिवायचं, कोणाला काही विचारायचं नाही. सगळे समजले. माझ्या साहेबांपेक्षा लवकर समजले.

देवकाबाईचा अंगठा गेला, पाय राहिला. पायावर गरम पेज सांडली असं शाळेत सांगितलं होतं आणि तिच्या जागी तिची जाऊ जात होती. जखम भरल्यावर मी नव्या मापाची जोडी बनवली, अंगठ्याच्या जागी आत रबराचा तुकडा, टाचेखाली हिरवे टाके. ती पुन्हा कामावर गेली. सगळं झाकलं गेलं होतं.

महिन्याभराने मी मोहनलालजवळ बसायला तिरोड्याच्या बाजारात गेलो होतो. तो जेवायला गेला होता आणि त्याच्या जागी त्याचा मेहुणा बसला होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. भाजीच्या रांगेतून देवकाबाई आली, सोबत गावच्या चार-पाच बाया. पट्टा सैल झाला होता. तिने चप्पल काढून दिली. मी दहा पावलांवर होतो. त्या माणसाने चप्पल उलटी केली, हिरवा धागा पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि तोंडात धरलेला खिळा काढला. मी धावणार तोच तिचा आवाज आला.

“खिळा ठोकू नोको! माया पायाले कळत नाही. मले महारोग झाला होता. तेच्यात एक अंगठा गेला, आता दुसरा नाही द्याचा मले.”

तिच्या सोबतच्या बाया जागच्या जागी थबकल्या. एकीने आपली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मेहुण्याने खिळा खाली ठेवला. मी जे झाकायला वर्ष घातलं होतं ते भर बाजारात उघडं पडलं होतं.

चप्पल शिवून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. बाया पुढे निघून गेल्या. मी जवळ जाऊन म्हटलं, “मला हाक मारायची होती, देवकाबाई. मी सांगितलं असतं त्याला.”

“तुमी किती बाजारात बसान भाऊ?” ती म्हणाली. “धागा कोनाले दिसते, कोनाले नाही. तोंड त मायंच आहे ना.”

गुरुजींनी डॉक्टर मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं समजावलं, कागद पाठवले. गुरुजी म्हणाले, “मला पटलं मॅडम. पण पोरांच्या आयांचं काय करू?” त्यांनी देवकाबाईला काढलं नाही, एवढा धीर त्यांनी दाखवला. पण दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरांच्या हातात घरचे डबे होते. भात तसाच गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, राहिला.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. घरी बसून करायला काही नव्हतं, म्हणून रोज दुपारी तिला फोन लावायचो. ती एवढंच सांगायची, “आज लई उरला, भाऊ.” उरलेलं शिजवणाऱ्या बायांनी खायचं, असा तिथला रिवाज. ती म्हणायची, खाऊन खाऊन पोट फुगून राहिलं, पन घास उतरत नाही. कधी ‘थोडा कमी उरला’ म्हणायची, कधी पुन्हा ‘लई’. मी फोन ठेवायचो आणि मनात हिशोब चालू व्हायचा: ती काळी चप्पलच दिली असती तर? ती फूलवाली दिलीच नसती तर? बायको म्हणायची, जेवून घ्या. मलाही जेवण जात नव्हतं.

दसरा झाला. शाळेला दोन दिवस सुटी होती, म्हणून मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. तिने आजवर कधी फोन केला नव्हता. नाव पाहिलं आणि वाटलं, काढून टाकलं असणार, किंवा पाय. मी काही विचारायच्या आत ती बोलली.

“भाऊ, पोरायनं गंज पुसून ठेवला. आज मी उपाशी घरी आली.”